एक मूठ जास्तीची

धुळे,
सोमवार, ३० जून २०२५

चि. स्वप्नील यास नानाचे अनेक आशीर्वाद.

आज तुझ्या कुंदनदादाचं वर्षश्राद्ध झालं. सकाळी गुरुजी आले आणि लवकर आटोपून गेले. पाऊस नव्हता, नुसतं आभाळ होतं. जेवायला तुझ्या मोठ्या आईच्या माहेरची चार माणसं होती. तुझे बाबा बोदवडहून आले आणि दुपारच्या गाडीने परत गेले. दुकानात बियाण्याची गर्दी आहे म्हणाले. नंतर घर रिकामं झालं. मी ताटं पुसून फडताळात लावली आणि हे लिहायला बसलो.

तू आला नाहीस म्हणून लिहीत नाही. यायला जमलं नसेल. संक्रांतीला पुण्याचं कॉलेज सोडून तू घरी आलास तेव्हापासून खोलीच्या बाहेर फारसा पडत नाहीस, फोन उचलत नाहीस, हे मेघाकडून कळतं. फोन वाजला की उचलावा लागतो, नाही उचलला तर मनाला लागतं. पत्राचं तसं नसतं, ते पडून राहिलं तरी चालतं. मी नोकरी पोस्टात काढली, तेव्हा एवढं मला ठाऊक आहे.

आंतर्देशीय पत्र मागितलं तर काउंटरवरची नवीन मुलगी माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग आत जाऊन कुठूनतरी शोधून आणलं. याच काउंटरवर मी बसत होतो, हे तिला सांगितलं नाही. बिचारीला उगीच उठून खुर्ची द्यावीशी वाटली असती.

उत्तर लिहायलाच पाहिजे असं नाही. माझं अक्षर लागलं नाही तर मेघाला विचार. तुझी मोठी आई बरी आहे. जेवते.

तुझा,
नाना

————

बोदवड,
बुधवार, ९ जुलै २०२५

ती. भाऊ व वहिनी यांना मगनचा नमस्कार.

तुमचं पाहून मीही पत्रच लिहितो. फोनवर बोलायचं तर दुकानात गिऱ्हाईक असतं आणि घरात सगळ्यांचे कान माझ्याकडे.

स्वप्नीलला तुमचं पत्र मेघाने दाराखालून आत सरकवलं. सकाळी तिथे नव्हतं, म्हणजे त्याने उचललं. जळगावच्या डॉक्टरांकडे दर महिन्याला नेतो. गोळ्या चालू आहेत. गुण यायला वेळ लागेल, घाई करू नका म्हणतात. जाताना तो मागच्या सीटवर तोंडाला रुमाल बांधून बसतो. गावात आम्ही तो पुण्यालाच आहे असं सांगितलं आहे, हे तुम्हाला माहीत आहे.

आता मुद्द्याचं. गेल्या वर्षी तुमचा कुंदन गेल्यामुळे आपल्याकडे कानबाई देवी बसली नाही, प्रसादाचे रोट झाले नाहीत. यंदा नागपंचमीनंतरच्या रविवारी बसवायची आहे. धुरपदा काकू म्हणते, सलग दोन वर्षं चुकवू नये. भाऊबंद सगळे येतील. रोटासाठी गव्हात हात घालून घरातल्या एकेकाच्या नावाची मूठ काढायची हे मोठ्याचं काम, तेव्हा तुम्ही आलंच पाहिजे.

पण भाऊबंदांत झिपरू आप्पाही येणार. मेघासाठी साक्रीचं स्थळ त्यांनीच आणलं आहे. मुलगा चांगला आहे, माणसं घरंदाज आहेत. आप्पांचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, बोदवडला शिंकलं तर साक्रीला ऐकू जातं. त्यांनी स्वप्नीलला या अवस्थेत पाहिलं तर मुलीचं जमलेलं मोडेल. म्हणून असं सुचवतो, की तेवढे दिवस त्याला धुळ्याला ठेवावं. तुम्ही इकडे या आणि वहिनींनी त्याच्याजवळ थांबावं. कुंदनची खोली आहेच. स्वप्नीलच्या नावाची मूठ आपण काढूच, त्याचा रोट मी स्वतः आणून देईन.

रागावू नका. मला दोन मुलं आहेत आणि दोघांचं बघायचं आहे.

तुमची माया अशीच राहो.

मगन

————

बोदवड,
१२ जुलै

ती. नाना यांना सा. न.

अक्षर लागलं. मेघाला विचारावं लागलं नाही.

मला त्या दिवसांत धुळ्याला पाठवणार आहेत असं ऐकलं. मला कुणी सांगितलं नाही, पण या घरात हळू बोललेलंच जास्त ऐकू येतं. मला चालेल. फक्त विचारायचं होतं, मी कुंदनदादाच्या पलंगावर झोपायचं का? मोठ्या आईला ते बघवेल का?

आई ताट दाराशी ठेवते आणि पायांचा आवाज न करता जाते. शेजारच्या मांजरीलाही ती अशीच दूध ठेवते. मांजर निदान भांडं चाटूनपुसून ठेवते, मी अर्धं टाकतो.

दादा आजारी होता तेव्हा संध्याकाळी काय करायचा? संध्याकाळ लवकर संपत नाही.

स्वप्नील

————

धुळे,
बुधवार, १६ जुलै २०२५

चि. स्वप्नील, आशीर्वाद.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. मांजरीचं तुझ्या मोठ्या आईला वाचून दाखवलं. तिच्या तोंडावर जरा हसू आलं.

संध्याकाळी कुंदन आणि मी स्टँडवर जायचो. त्याला लहानपणापासून गाड्यांच्या पाट्या वाचायचा नाद. नोकरी सुटल्यावर, औषधं सुरू असताना, तो नाद परत आला. बाकावर बसायचं, एक चहा दोघांत घ्यायचा. साक्री, पिंपळनेर, नवापूर, गाडी लागली की तो पाटी मोठ्याने वाचायचा आणि एखाद्या म्हातारीला तिची गाडी दाखवून द्यायचा. तिथल्या कंट्रोलरने एकदा त्याला विचारलं की तुझी ड्यूटी किती वाजता सुटते. कुंदन म्हणाला, नानांचा चहा संपला की. मग आम्ही घरी यायचो. संध्याकाळ सरायची.

धुळ्याला तू वर्षात कधीही ये. पलंग कुंदनचा आहे आणि त्यावर तू झोपलास तर तुझी मोठी आई पांघरूण घालायला येईल. पण त्या दोन दिवसांत येऊ नकोस. तुझ्या बाबांना मी तसं कळवतो.

आता एक सरळ विचारतो. लोकांना सांगताना आम्ही कुंदन वारला एवढंच म्हणतो. त्याने स्वतःचा जीव घेतला हे तुला माहीत आहे. का, ते मला कळलेलं नाही. एकच एक कारण होतं असं मला आता वाटत नाही. म्हणून विचारतो. जगू नये, आपण नसलेलं बरं, असं तुझ्या मनात येतं का? येत असेल तर मला लिही. मी घाबरणार नाही आणि रागावणार नाही. कागदावर लिहवत नसेल तर फोन कर, तो उशाशीच असतो. माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही तर सरकारची १४४१६ ही फोनसेवा आहे, तिथे नाव सांगावं लागत नाही.

तुझा,
नाना

————

बोदवड,
१९ जुलै

नाना,

येतं. रोज नाही. काही दिवस नुसतं वाटतं की मी उठून गेलो तर सगळ्यांना मोठ्याने बोलता येईल. मेघाचं लग्नही सरळ होईल.

हे बाबांना सांगू नका.

स्व.

————

धुळे,
मंगळवार, २२ जुलै २०२५

चि. स्वप्नील,

तू लिहिलंस ते चांगलं केलंस.

बाबांना सांगू नका म्हणालास. तुझं पत्र आज दुपारी आलं आणि मी उभ्या उभ्याच मगनला फोन करून सांगितलं. तुला वाईट वाटेल. माझ्यावर रागव, चालेल. रागावलेला पुतण्या मला परवडेल.

हे पत्र पोचेपर्यंत तुला डॉक्टरांकडे नेलेलं असेल, पुढेही नेतील. सांगायचं राहिलं असेल तर हे सगळं त्यांना सांग. तोंडाने सांगता आलं नाही तर मला लिहिलंस तसं कागदावर लिहून त्यांच्यापुढे ठेव. गोळ्या काही दिवस आईकडे राहतील आणि मेघा तुझ्या खोलीत झोपेल. ती घोरते, एवढं सोसावं लागेल.

नाना

————

धुळे,
बुधवार, २३ जुलै २०२५

चि. मगन यास आशीर्वाद.

काल फोनवर तू लाइन चालू ठेवून रडत होतास. मीही फोन ठेवला नाही. बोलायचं राहिलं ते लिहितो.

डॉक्टरांकडे दर वेळी तुम्ही दोघंही आत बसा. दार बंद करून कोंडू नका आणि एकटंही सोडू नका. वाईट वाटेल म्हणून विचारायचं टाळू नका. रोज सरळ विचारा.

कानबाईचं तू लिहिलंस. स्वप्नीलला त्या दिवसांत इथे ठेवून घ्यायला मी तयार नाही. तुझी अडचण मला कळते. मेघा माझीही मुलगी आहे, तिचं चांगलं व्हावं असं मला वाटतं. पण आपल्या घरची रीत अशी आहे की ज्याची मूठ काढली त्याने पाटावर बसून रोट खायचा. परगावी असेल तर तो आपणहून येतो, नाही जमलं तर त्याच्यासाठी ठेवतात. घरात असलेल्या माणसाची मूठ काढायची आणि त्याला दुसऱ्या गावी लपवायचं, असं आपल्यात कुणी केलेलं मला आठवत नाही. मूठ थांबते ती फक्त गेलेल्याची. आमची एक थांबली आहे.

आप्पा काय बोलतील ते बोलोत. साक्रीच्या लोकांना मेघाने किंवा तू आधीच सांगावं हे बरं. नंतर कळण्यापेक्षा.

मुठी काढायला मी शनिवारी येतो. तुझ्या वहिनीचं यायचं नक्की नाही. रोट भाजल्याचा वास तिला यंदा सोसेल असं वाटत नाही.

सारिका आई आहे त्याची, तिला धीर दे. तुमच्यावरची माया आहे तशीच आहे.

तुझा,
भाऊ

————

बोदवड,
मंगळवार, ५ ऑगस्ट २०२५

ती. नाना व मोठी आई यांना मेघाचा नमस्कार.

शनिवारी बाबा स्टँडवर तुम्हाला घ्यायला गेले होते. धुळ्याकडच्या दोन गाड्या आल्या, तुम्ही उतरला नाहीत. फोन लागला तेव्हा मोठी आई म्हणाली, ते सकाळीच पिशवी घेऊन निघाले आणि मघाशी परत येऊन बसले आहेत. मग बाबांनी पुन्हा फोन केला नाही. तुम्हाला काही विचारायचं नाही असं त्यांनी आम्हाला सांगून ठेवलं आहे.

इथे काय झालं ते सांगते.

तुम्ही येत नाही असं कळल्यावर मुठी बाबांनी काढायच्या ठरल्या. पुढच्या खोलीत परात मांडली. भाऊबंद भिंतीला टेकून बसले होते. आप्पा मधोमध, सुपारी कातरत. स्वप्नील त्याच्या खोलीत होता. बाबांनी त्याला तुमच्याकडे पाठवलं नाही, पण बाहेर ये असंही म्हणाले नाहीत. दार नुसतं लोटलेलं होतं. आप्पांनी आल्याआल्या विचारलं की पोरगा पुण्याहून नाही का आला, आणि आई पाण्याचं निमित्त करून उठली.

बाबांनी गव्हात हात घातला. तुमचं नाव घेतलं, मोठ्या आईचं घेतलं, मग स्वतःचं, आईचं. आणि पुढे सवयीने कुंदन म्हणाले. तोपर्यंत मूठ परातीत पडली होती.

नाना, वर्षभर या घरात दादाचं नाव कुणी घेतलं नव्हतं. बाबांचा हात तसाच गव्हात राहिला. सुपारी कातरायचा आवाज थांबला. कुणीतरी हळूच म्हणालं की तेवढी परत पोत्यात टाका. धुरपदा आजी कोपऱ्यातून कडाडली. तिची बोली अजून माहेरची, साक्रीकडचीच आहे. मूठ मांगे टाकतस नही, म्हणाली, तो बी घरनाच शे.

दादानंतर स्वप्नीलचं नाव, हा लहानपणापासूनचा क्रम. बाबांना ते घेता येईना. तेवढ्यात दार वाजलं. स्वप्नील उंबऱ्यात उभा होता. दाढी वाढलेली, अंगात तो जुना निळा टी-शर्ट. सगळ्यांकडे न बघता फक्त बाबांकडे बघून त्याने विचारलं, की माझी काढली का.

बाबा म्हणाले, काढतो बाबा. आणि ओंजळभर काढले. आजीने लगेच टोकलं की मूठ म्हंजे मूठ, पोतं रिकामं करू नको. आम्ही काही जण हसलो, आई भिंतीकडे तोंड करून रडली.

आप्पा गप्प बसतील असं होणार नव्हतंच. पुण्याची गाडी कधी आली रे, असं त्यांनी विचारलं. स्वप्नील म्हणाला, संक्रांतीला. मग म्हणाला की मी आजारी आहे, मनाचा आजार आहे, जळगावला औषध चालू आहे. इतकं बोलून तो आत गेला. त्या दिवशी पुन्हा बाहेर आला नाही. रविवारी पंगतीत शेवटच्या पाटावर बसला. अर्धा रोट खाल्ला आणि उठला. आजीने त्याचा उरलेला अर्धा झाकून ठेवला, तो त्याने सोमवारी खाल्ला.

सगळं बरं झालं असं लिहीत नाही. काल पुन्हा दिवसभर पडून होता. पण मी विचारते आणि तो सांगतो. मी घोरते असं तुम्ही त्याला लिहिलंत, त्याचा हिशेब आपला बाकी आहे.

साक्रीचं मी आधीच मुलाला फोन करून सांगितलं होतं. घरी विचारून कळवतो म्हणाला होता. अजून कळवलेलं नाही. बाबा रोज फोनकडे बघतात. मी बघत नाही असं म्हणणार नाही.

जितक्या मुठी तितके रोट, हे तुम्हाला माहीतच आहे. यंदा एक जास्तीचा झाला. घराबाहेरच्याला द्यायचा नसतो आणि पौर्णिमेपर्यंत संपवायचा असतो. तो कुणी खायचा यावर बरीच चर्चा झाली. शेवटी स्वप्नीलने तुमच्यासाठी बांधून दिला. फडक्याची गाठ त्याच्याच हातची आहे. बाबा हे पत्र आणि तो, दोन्ही घेऊन येत आहेत.

आमच्यावर जीव असू द्या.

मेघा

————

धुळे,
शनिवार, ९ ऑगस्ट २०२५

चि. स्वप्नील यास नानाचे अनेक आशीर्वाद.

बुधवारी तुझे बाबा आले. रोट आणि मेघाचं पत्र दिलं. आम्ही दोघं ओट्यावर बसलो. जाताना त्यांनी कुंदनच्या खोलीचं दार उघडून आत पाहिलं. मग मी त्यांना स्टँडपर्यंत सोडलं.

तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. त्या शनिवारी मी खरंच निघालो होतो. वेळेवर पोचलो आणि बाकावर बसलो. बाक तोच होता. जळगावची गाडी लागली. लोक चढले. पाटी वाचायला कुणी नव्हतं. मला उठता आलं नाही. दुसरी लागली, तीही गेली. तुझ्या बाबांना येतो असं लिहून मीच आलो नाही. तू मात्र खोलीच्या दारापर्यंत आलास. तेवढं अंतर किती असतं ते मला त्या दिवशी कळलं.

तू भाऊबंदांपुढे जे बोललास ते कुंदनला कधी बोलायला मिळालं नाही. त्याला तसं कुणी विचारलंच नाही, आप्पांसारखं वाकडंही नाही.

डॉक्टरांची तारीख चुकवू नकोस. बरं वाटलं तरी गोळी आपल्या मनाने बंद करू नकोस. वाईट दिवस आला तर मेघाला उठव, तिने कितीही कुरकुर केली तरी. मला फोन कर. फोनवर बोलायलाच हवं असं नाही, नुसता चालू ठेवला तरी मी इकडे असतो.

दिवाळीनंतर ये, किंवा त्याआधी. संध्याकाळी स्टँडवर जाऊ. एक चहा दोघांत. पाट्या तू वाचायच्या, माझा चष्मा आता दूरच्या अक्षराला चालत नाही.

धुरपदा काकूला नमस्कार सांग. तुमच्या सगळ्यांची आठवण येते.

तुझा,
नाना

ता. क. आज पौर्णिमा, म्हणून रोट आजच संपवायचा होता. तुझी मोठी आई सकाळी राखीसाठी तिच्या भावाकडे गेली. जाण्याआधी तिने फडक्याची गाठ सोडली, एक तुकडा मोडून तोंडात टाकला आणि पिशवी उचलून निघाली. उरलेला मी दुपारी दुधात कुस्करून खाल्ला. कडक झाला होता, पण खाल्ला सगळा. आपल्याकडे रोटाच्या ताटाचं पाणी मोरीत सोडत नाहीत. ताट धुऊन ते पाणी अंगणातल्या जास्वंदीच्या बुडाशी ओतलं. फडकंही धुऊन दोरीवर वाळत घातलं आहे.